सहा हजारांचा सेगा, सोळाशेचा डबा

आजचा धागा एका युद्धाविषयी आहे. त्याच्या मुख्य आघाड्या टोकियो, न्यू यॉर्क आणि लंडन येथे उघडल्या गेल्या. त्यातील एक चकमक मात्र १९९६ च्या उन्हाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातील खामगावात, एका दोन खोल्यांच्या घरात, जवळजवळ पंधरा दिवस चालली. त्या चकमकीची साधने दोनच उरली आहेत: शाळेच्या वहीचे एक पान आणि कापसाच्या चुकाऱ्याची एक पावती. बखरी नाहीत, ताम्रपट नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने कोणत्याही कागदाला कमी लेखू नये.

युद्धाचा आरंभ नेमका सांगता येतो. १५ जुलै १९८३ या एकाच दिवशी जपानमध्ये दोन यंत्रे विक्रीस आली. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची किंमत १४,८०० येन होती आणि सेगाच्या एसजी-१००० ची १५,००० येन. प्रतिस्पर्धी यंत्रांचा जन्म एका तिथीस व्हावा, असा योग कथेत घातला तर वाचक लेखकाला हसतील. निन्टेन्डो ही १८८९ मध्ये क्योटो येथे हातांनी रंगवलेले खेळण्याचे पत्ते करणारी पेढी म्हणून सुरू झाली होती. सेगाचे मूळ अमेरिकी लष्करी तळांवर नाण्यावर चालणारी यंत्रे पुरवणाऱ्या व्यवसायात होते. पहिल्या फेरीत फॅमिकॉम निर्विवाद जिंकला. अमेरिकेत तो १९८५ पासून एनईएस या नावाने, निराळ्या पेटीत गेला, आणि जगभरात मिळून त्याचे सहा कोटी एकोणीस लाखांहून अधिक नग खपले.

सेगाने सूड घेतला तो पुढच्या पिढीत. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी जपानमध्ये मेगा ड्राइव्ह आला. फॅमिकॉम आठ बिटचा, हा सोळा बिटचा. १९९१ च्या जूनमध्ये निळा सॉनिक धावू लागला, आणि अमेरिकेतील शाळांच्या पटांगणांत ‘तू कोणाचा, मारिओचा की सॉनिकचा?’ हा प्रश्न जातपात विचारावी तसा विचारला जाऊ लागला. या लढाईवर आजवर पुस्तके निघाली, माहितीपट झाले. परंतु त्या सर्वांत एक गृहीतक दडलेले असते: ग्राहक दुकानात उभा आहे, समोर दोन खोकी आहेत, दोहोंच्या किमती जवळजवळ सारख्या आहेत, आणि तो आवडीप्रमाणे एक उचलतो.

भारतात हे चित्र कधी अवतरलेच नाही.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनी बरेच काही खुले केले, असे शालेय पुस्तके सांगतात. ते खरे आहे. पण ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध त्यानंतरही दशकभर टिकले. शेवटच्या ७१५ वस्तूंवरील बंधने १ एप्रिल २००१ रोजी उठली, तीही जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेशी वाद हरल्यावर. त्यामुळे नव्वदच्या दशकात परदेशी खेळयंत्र घरात येण्याचे मार्ग तीनच होते: कोणी नातलग परदेशाहून आणणे, मुंबईच्या चोरबाजारी गल्ल्यांतून घेणे, किंवा सुटे भाग आणून येथे जोडलेले यंत्र विकत घेणे. निन्टेन्डोचा फॅमिकॉम भारतात ‘समुराई’ या नावाने आला तो या तिसऱ्या मार्गाने. सेगाने १९९५ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीशी वितरणाचा करार केला. होय, मद्याच्या बाटल्यांवर ज्यांचे नाव असे तीच शॉ वॉलेस. सुमारे ८० टक्के आयातशुल्क चुकवणे हा त्या करारामागचा हेतू होता. एवढे करूनही मेगा ड्राइव्हची किंमत पडली १८,००० रुपये.

हा आकडा खामगावच्या भाषेत वाचायचा तर तो क्विंटलमध्ये वाचावा लागतो. खामगाव ही कापसाची पेठ. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस लवकर मिळावा म्हणून इंग्रजांनी १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा खास फाटा काढला, इतके तिचे महत्त्व. १९९५-९६ च्या हंगामात एच-४ जातीच्या लांब धाग्याच्या कापसाचा केंद्राचा हमीभाव क्विंटलला १,३५० रुपये होता. म्हणजे एक मेगा ड्राइव्ह बरोबर सव्वातेरा क्विंटलांहून थोडा अधिक कापूस. ज्या घराची ही कथा आहे, त्या घराची जमीन कोरडवाहू पाच एकर. तीन एकरांत कापूस, उरलेल्या दोन एकरांत ज्वारी आणि तूर. त्या हंगामात घरी आलेला सगळा कापूस अकरा क्विंटल. चुकाऱ्याची पावती, म्हणजे वर सांगितलेले दुसरे साधन, हेच सांगते. संपूर्ण वर्षाचे पांढरे सोने ओतले असते तरी सोनिक घरात आला नसता.

वडील एका जिनिंगमध्ये काट्यावर कामाला होते आणि शेती बटईने न देता स्वतःच पाहत. दोन मुलगे. थोरला पंधराचा, त्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिलेला. धाकटा अकराचा. मे महिन्यात थोरला डोंबिवलीला आत्याकडे गेला आणि तेथे त्याने मेगा ड्राइव्ह पाहिला. आत्याच्या यजमानांना आखातातील नोकरीमुळे तो घेता आला होता. आठ बिट आणि सोळा बिट यांतील फरक शब्दांत सांगणे कठीण आहे. ज्यांनी घरी कृष्णधवल दूरचित्रवाणी संचावर राखाडी मारिओ पाहिला होता आणि मग एकाएकी रंगीत पडद्यावर हिरव्यागार टेकड्या, मागे निळा समुद्र आणि त्यातून डोळ्याला न सापडणाऱ्या वेगाने जाणारा सॉनिक पाहिला, त्यांनाच तो कळेल. थोरला आठ दिवस जेवणाखाण्यापुरताच उठला.

आतेभाऊ मात्र त्या यंत्राला कंटाळला होता. कारण ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये सोनीचा प्लेस्टेशन आला होता. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने आपल्या नव्या सॅटर्नची किंमत ३९९ डॉलर सांगितली, आणि त्याच दिवशी सोनीचा एक अधिकारी व्यासपीठावर जाऊन फक्त ‘दोनशे नव्याण्णव’ एवढेच बोलून खाली उतरला. उद्योगजगतातील इतके लहान आणि इतके घातक भाषण दुसरे क्वचितच असेल. वर्षभरात लॅमिंग्टन रोडवर प्लेस्टेशनची कुजबुज सुरू झाली आणि डोंबिवलीतील मेगा ड्राइव्ह एका रात्रीत जुना झाला. तीन कॅसेटांसह सहा हजार, असा भाव आतेभावाने सांगितला. भाऊ म्हणून सहा हजार. दुकानदार साडेपाच देत होता, पण रोख. पंधरा जूनपर्यंत पैसे आले नाहीत तर यंत्र दुकानात जाईल.

येथे दुसरा पक्ष मांडणे आवश्यक आहे, आणि तो पक्ष म्हणजे खामगावच्या बाजारात सोळाशे रुपयांना मिळणारा डबा.

त्याला कोणी कन्सोल म्हणत नसे. ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे ते यंत्रच, आणि त्यात घालायची ती ‘कॅसेट’. खोक्यावर काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव, शेजारी कुठल्यातरी निराळ्याच चित्रपटातील स्नायूबाज नायकाचे चित्र. आत मात्र फॅमिकॉमचीच नक्कल. ही नक्कल शक्य कशी झाली, हा या कथेतील सर्वांत रंजक तांत्रिक भाग आहे. निन्टेन्डोने अमेरिकेसाठी एनईएस बनवताना त्यात कुलुपासारखी एक चिप बसवली; कॅसेटमधील जोडीदार चिपशी तिचे जुळले नाही तर यंत्र चालू होऊन पुन्हा पुन्हा बंद होई. कॅसेटच्या दातांची संख्याही ६० वरून ७२ केली. परंतु मूळ जपानी फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हतेच. तैवानातील आणि नंतर चीनमधील कारखान्यांनी नेमका तोच ६० दातांचा, बिनकुलुपाचा नमुना उचलला. पुढे त्यांनी संपूर्ण यंत्र एका चिपमध्ये कोंबले. असा डबा उघडला की आत जवळजवळ काहीच दिसत नाही. हिरव्या पट्टीवर काळ्या लुकणाचा एक थेंब, एवढेच. त्या थेंबाखाली अख्खा फॅमिकॉम असे.

तोच थेंब जगभर पसरला. रशियात १९९२ पासून तो ‘डेंडी’ नावाने विकला गेला, पोलंडमध्ये ‘पेगासस’ या नावाने. त्या देशांतील एका पिढीला निन्टेन्डो ठाऊकच नव्हते. त्यांना डेंडी ठाऊक होता. मॉस्कोतील मुलगा आणि खामगावातील मुलगा त्याच पिवळ्या कॅसेटीत फुंकर घालून तोच रणगाडा चालवीत होते. (फुंकरीविषयी एक खुलासा: तिने काहीही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने दातांचा संपर्क नीट होई, श्रेय फुंकरीला जाई. उलट तोंडातील दमटपणामुळे तांब्याचे दात काळे पडत. पण एवढ्या निष्ठेने केलेल्या विधीला आता नावे ठेवण्यात अर्थ नाही.)

कॅसेटीवर ‘९९९९९९९ इन वन’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात आत दहा-पंधरा खेळ: मारिओ, कॉन्ट्रा, टँक, सर्कस, रोड फायटर, बदकांची शिकार. उरलेल्या लाखो नोंदी म्हणजे तेच खेळ, निराळ्या नावाने किंवा निराळ्या टप्प्यापासून सुरू होणारे. गणितातील आवर्ती अपूर्णांकाची ओळख अनेकांना वर्गात होण्याआधी या यादीत झाली.

थोरला डोंबिवलीहून परतला तो सहा हजारांची मागणी घेऊन. त्याचा युक्तिवाद सरळ होता. दहावीत पास झालो तर काहीतरी घेऊन देऊ, असा शब्द वडिलांनी दिला होता. नवा अठरा हजारांचा माल सहा हजारांत मिळतो आहे. सोळाशेचा डबा वर्षभरात बिघडेल, सेगा दहा वर्षे जाईल. घरातील संच कृष्णधवल असल्याचा मुद्दा त्याने वगळला.

वडिलांनी लगेच नाही म्हटले नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो घरात पुढे अनेक वर्षे सांगितला गेला.

“ह्या सेगाच्या कॅसेटा खामगावात कोनापाशी हायेत?”

थोरला गप्प राहिला.

“बैल घेनं सोपं हाय. वैरन रोज लागते.”

अर्थशास्त्राची पुस्तके याच गोष्टीला पूरक वस्तू म्हणतात, आणि एखादी वस्तू जितक्या अधिक लोकांकडे असेल तितकी ती प्रत्येकाला अधिक उपयोगी पडते, या तत्त्वावर प्रकरणेच्या प्रकरणे लिहितात. खेळयंत्रांच्या इतिहासात तर हे तत्त्व पानोपानी दिसते. सेगाचा सॅटर्न यंत्र म्हणून वाईट नव्हता. खेळ लिहिणारे सोनीकडे गेले, म्हणून तो पडला. काट्यावर काम करणाऱ्या गृहस्थाने हे सर्व न वाचता ताडले, यात चमत्कार नाही. ज्याने बैल पोसला आहे त्याला यंत्राची भीती दाण्यागोट्यापासूनच वाटते.

प्रश्न थोरल्याला विचारला होता, उत्तर मात्र धाकट्याने शोधले. त्याने चौथीची एक अर्धी कोरी वही घेतली, आणि दोन दिवस आपली गल्ली, मागची गल्ली आणि शाळेजवळची आळी उन्हातान्हात पालथी घातली. हे पान आज पाहिले तर अकरा वर्षांच्या मुलाने केलेली ती एक शुद्ध पाहणी आहे. डाव्या रकान्यात घराची खूण: ‘पिठाच्या गिरणीवाले’, ‘पोस्टातल्या काकांचे’, ‘लाल गेटचे’. मधल्या रकान्यात यंत्र. उजव्या रकान्यात कॅसेटांची संख्या, आणि त्यापुढे फुली किंवा बरोबरची खूण; बरोबर म्हणजे ‘देतो म्हणाला’. आठ बिटच्या डब्यांची घरे चौदा. कॅसेटा एकंदर सदतीस. देतो म्हणणारी घरे अकरा. खाली, मोठ्या अक्षरांत, दोनदा अधोरेखित: सेगा ०.

त्याशिवाय एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक नोंद आहे: बसस्थानकाच्या बाजूच्या दुकानात कॅसेट दिवसाला पाच रुपये भाड्याने.

थोरल्याने त्या पानाला फितुरी म्हटले. तसे म्हणण्यास त्याला जागा होती. धाकट्याचे सगळे मित्र या चौदा घरांत होते. सेगा आला असता तर तो थोरल्याचा झाला असता, डबा आला तर तो धाकट्याचाही होणार होता. आकडे खरे असले तरी ते कोणी आणि कशासाठी गोळा केले, हे विचारणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे पहिले काम असते. पंधरा वर्षांच्या मुलाने ते चोख केले. दोघा भावांत आठवडाभर बोलणे नव्हते. आईने मध्ये पडून, दोघांनाही काहीच नको, टीव्हीच विकून टाका, असा तिसरा प्रस्ताव मांडला; तो कोणीच विचारात घेतला नाही.

मृग लागण्याच्या आदल्या दिवशी वडील बाजारातून आले. सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बियाण्याच्या पिशव्या होत्या आणि त्यांवर सुतळीने बांधलेले खोके होते. डबा. सोळाशे.

थोरला दोन महिने त्याला शिवला नाही. डोंबिवलीला पत्र गेले नाही; पंधरा जून उलटला, सेगा लॅमिंग्टन रोडला गेला. धाकटा रोज संध्याकाळी संचाच्या मागे अँटेनाच्या जागी तार खुपसून, बटन पिळून, मुंग्यांतून चित्र शोधून काढी. प्रकाशाच्या बंदुकीने बदके मारी. ती बंदूक पडद्याकडे काही फेकत नसून उलट पडद्याकडून घेते, हे त्याला ठाऊक नव्हते: घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, आणि नळीतील प्रकाशसंवेदकाला तो दिसला तर बदक पडते. काचेच्या जुन्या पडद्यावरच हे जमते. आजच्या सपाट पडद्यावर तीच बंदूक आंधळी ठरते.

शेवटी थोरल्याला डब्यापुढे बसवले ते कॉन्ट्राने. त्या खेळात दोघे एकाच वेळी खेळू शकतात, आणि एकट्याने धबधब्याचा टप्पा पार करणे धाकट्याला साधत नव्हते. ऑगस्टमधील एका झडीच्या दुपारी थोरल्याने न बोलता दुसरे रिमोट उचलले. (कंट्रोलरला रिमोट म्हणत.) धबधब्यावर वर चढताना जो मागे राहतो तो पडदा सरकताच मरतो, म्हणून वर गेलेल्याने थांबायचे असते. थोरला थांबला नाही. धाकटा तीनदा मेला. चौथ्या वेळी तो थांबला.

या सगळ्यात एक शत्रू सामाईक होता. आठ बिटच्या त्या कॅसेटांत खेळ जतन करण्याची सोय नव्हती. सातव्या टप्प्यावर असताना वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेत १९८७ मध्ये आलेल्या ‘झेल्डा’च्या कॅसेटीत निन्टेन्डोने चक्क एक छोटी बॅटरी बसवून ही अडचण सोडवली होती, पण नकली कॅसेटवाल्यांनी एवढा खर्च कशाला करावा? गंमत अशी की आतेभावाच्या तीन कॅसेटांतील एक ‘सॉनिक ३’ होती, आणि तिच्यात जतन करण्याची सोय होती. खामगावच्या विजेचा विचार केला असता तर सेगाच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा ठरला असता. तो थोरल्याला सुचला नाही. ती सोय कशासाठी असते हे डोंबिवलीत, जेथे वीज जात नसे, कोणाला जाणवलेच नव्हते.

१९९७-९८ चा हंगाम विदर्भात वाईट गेला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या नियमितपणे येऊ लागल्या त्या याच सुमारास. या घरात कापूस तीन क्विंटलांवर आला. जिनिंगची नोकरी होती म्हणून घर चालले. डब्याचा अडॅप्टर त्याच उन्हाळ्यात जळाला. तो बदलायला शंभर-सव्वाशे लागले असते, ते कोणी मागितले नाहीत. डबा माळ्यावर गेला.

त्यानंतरचे जागतिक युद्ध थोडक्यात. सोनीने प्लेस्टेशनचे दहा कोटींहून अधिक नग खपवले. सेगाने ड्रीमकास्ट आणला, तो चालला नाही, आणि ३१ जानेवारी २००१ रोजी कंपनीने यंत्रे बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर अवतरला. ज्या मुलांनी पटांगणांत या दोहोंच्या नावाने मारामाऱ्या केल्या होत्या, ती तोवर नोकरीला लागली होती.

थोरलाही लागला, पुण्यात. २००७ मध्ये, अकरा वर्षांनी, त्याच्यापुढे तोच प्रश्न नव्या नावांनी उभा राहिला. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आणला होता; हार्ड डिस्कसह २३,९९० रुपये, जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग. सोनीने २७ एप्रिल २००७ रोजी पीएस-थ्री आणला, ३९,९९० रुपयांना. २००७-०८ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता २,०३० रुपये. म्हणजे एक्सबॉक्स सुमारे पावणेबारा क्विंटल, पीएस-थ्री जवळजवळ वीस. बारा वर्षांत जगातील यंत्रे सोळा बिटांवरून कुठल्या कुठे गेली, पण कापसाच्या मापात त्यांची किंमत होती तेथेच राहिली. बुलढाणा तोवर पंतप्रधानांच्या २००६ च्या मदत-योजनेतील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक झाला होता.

थोरल्याला आता मागावे कोणाकडे लागत नव्हते. त्याने खामगावला दूरध्वनी केला तो दिवाळीत घरी काय आणू, एवढे विचारायला. धाकटा शेती पाहत होता, बीटी कापूस लावत होता. त्याने दोन्ही नावे ऐकून घेतली.

“लाइन गेली तं काय करशीन, दादा?”

तो काळ भारनियमनाचा होता. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता, वीज मंडळाचे २००५ मध्ये तुकडे झाले, आणि तूट काही हजार मेगावॅटची. ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाकाठी बारा बारा तास वीज नसे. अशा ठिकाणी निवड बिटांची राहत नाही. थोरल्याने जुना पीएस-टू घेतला. सोनीने तो २००० मध्ये काढला होता, पुढल्या पिढीचे यंत्र येऊनही तो खपतच होता, आणि अखेरीस साडेपंधरा कोटींच्या वर नग जाऊन जगातील सर्वाधिक खपाचे खेळयंत्र ठरला. किंमत बाकी दोघांपेक्षा पुष्कळ कमी. शिवाय त्याला आठ मेगाबाइटचे मेमरी कार्ड जोडता येई. वीज गेली तरी त्यातील लिहिलेले पुसले जात नाही. खामगावात त्या वर्षी पीएस-टूच्या चकत्याही कुठेही मिळत, कशा मिळत ते विचारण्याची पद्धत नव्हती.

दिवाळीत माळा साफ करताना जुना डबा सापडला. त्याच्या खोक्यात वहीचे पान घडी करून ठेवलेले होते, आणि त्याबरोबर चुकाऱ्याची ती पावती. पावती तेथे कोणी ठेवली, हे कोणालाच सांगता आले नाही. तिच्या मागच्या बाजूस वडिलांच्या हातचा पेन्सिलीचा हिशेब होता. बियाणे, युरिया, डीएपी, निंदणाची मजुरी, दहावीनंतरच्या वर्गाची फी. फीच्या खाली आकडा: ६०००. तो बसवण्यासाठी डीएपीवर काट मारलेली, बियाण्याच्या तीन पिशव्यांच्या दोन केलेल्या. मग ६००० वर आडवी रेघ. बियाणे पुन्हा तीन. डीएपी पुन्हा लिहिलेले. अगदी खाली १६००.

अकरा वर्षे थोरला असे समजत होता की वडिलांनी सेगाचा विचार एकदाही केला नाही.

त्याने पावती वडिलांपुढे धरली. ते खाटेवर बसून बदामाच्या झाडाची पाने पडलेले अंगण पाहत होते. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट केला, आकडे बोटाने मोजले, आणि पुन्हा घडी करून त्याच्या हातात दिला.

“बियानं कमी करनार होतो,” ते म्हणाले. “मंग ह्या पोट्ट्यानं वही दाखोली.”

आत धाकट्याने पीएस-टू लावला होता. साडेसहा वाजले होते, लाइन सात वाजता जाणार होती. त्याने थोरल्याला हाक मारली आणि दुसरे रिमोट खाटेच्या पायाशी ठेवले.